मिस्तरीची निळी गुंडाळी

घटस्थापना झाली, की मला एक केस आठवायला लागते आणि दसरा होईपर्यंत ती डोक्यातून जात नाही. उभ्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, जाळपोळ पाहिली. त्यातलं पुष्कळसं आता धूसर झालं आहे. ही केस तर गुन्हे रजिस्टरला चढलीही नाही, चौकशी अर्जावरच निकाली निघाली. तरी मला विचाराल तर माझ्या नोकरीतली हीच केस मला सगळ्यांत प्रिय आहे. पोलीसवाल्याच्या तोंडी केसबद्दल हा शब्द शोभत नाही, हे मला कळतं.

मी तेव्हा अकोल्यात ठाणेदार होतो आणि औद्योगिक वसाहत माझ्या हद्दीत होती. सीमेवर दोन देशांचं बिनसायच्या आधीचे ते दिवस. एका जिनिंगवाल्या शेठने चीनमधल्या कंपनीशी भागीदारी केली होती आणि दोघे मिळून सूत काढायचा कारखाना उभारत होते. मशिनरी आणि निम्मं भांडवल त्यांचं, जागा आणि कापूस आपला. वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून बाहेर जातो आणि त्याचं सूत दुसऱ्याच मुलखात निघतं, ही इथली जुनी हळहळ. त्यामुळे कारखान्यावर पत्रे चढायच्या आधीच गावोगावची माणसं नोकरीचे अर्ज घेऊन फाटकावर उभी राहू लागली होती.

मशिनरीबरोबर काही चिनी माणसंही आली. त्यांनी जठारपेठेत एक बंगला भाड्याने घेतला. विदेशी नागरिकाची नोंद पोलीस अधीक्षक कार्यालयात करावी लागते, घरमालकालाही कळवावं लागतं. ते सगळं रीतसर झालं होतं. पण कागद पूर्ण झाले म्हणून मोहल्ल्याचं समाधान होतंच असं नाही. जठारपेठ माझ्या हद्दीत नव्हती, तरी कारखाना माझ्याकडे म्हणून सगळ्या कागाळ्या माझ्याच टेबलावर यायच्या. कोणी म्हणे, हे लोक नकाशे काढतात. कोणी म्हणे, गल्लीतली कुत्री कमी झाली. मी एकदा स्वतः जाऊन पाहिलं, तर कुत्री वाढलेली होती, कारण बंगल्यातलं उरलंसुरलं जेवण त्यांनाच मिळायचं.

त्या चिन्यांमध्ये एक वयस्क माणूस होता. मशीन जोडणं, बसवणं आणि इथल्या लोकांना ती चालवायला शिकवणं हे त्याचं काम. सगळे त्याला मिस्तरी म्हणत. किरकोळ अंगाचा, केस बारीक कापलेले, बोलणं जवळजवळ नाहीच. त्याच्या काखेत नेहमी जाड निळ्या कापडाची एक गुंडाळी असायची. उलगडली की आत शिवलेले कप्पे आणि कप्प्याकप्प्यात पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर. ती गुंडाळी तो कोणाच्या हाती देत नसे. चहा पितानाही मांडीवर घेऊन बसे.

त्याच्या हाताखाली शिकणाऱ्यांत अकोटजवळच्या एका खेड्यातला फिटर होता. तिशी ओलांडलेला, बायकापोरांचा धनी. त्याचा बापही जिनिंगमध्ये फिटर होता आणि काही वर्षांपूर्वी वारला होता. ह्या दोघांची गट्टी जमली. मिस्तरीला मराठी म्हणून वऱ्हाडी 'हाव', म्हणजे हो, एवढंच यायचं, आणि फिटरला चिनी काहीच नाही. पण मशीनखाली दोघे शेजारी शेजारी उताणे पडले, की एकाने हात पुढे करावा आणि दुसऱ्याने बरोबर तोच पाना त्यात ठेवावा, असं चालायचं. मी एकदा बंदोबस्ताच्या निमित्ताने गेलो होतो, तेव्हा हे पाहिलं होतं. पुढे ते कामाला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

कारखाना दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू व्हायचा होता. शेठने मोठे पाहुणे बोलावले होते, मंडप घातला होता. आणि मिस्तरी दसऱ्याच्या संध्याकाळी मुंबईची गाडी पकडून मायदेशी निघणार होता, कारण त्याच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न होतं.

अष्टमीच्या दुपारनंतर फोन आला. जठारपेठेत बंगल्यासमोर एक इस्त्रीवाला बसायचा, तो माझा खबऱ्या.

"साहेब, बुढा मिस्तरी पळून जाते वाटते. बॅग बांधून ओट्यावर बसला हाय, आन् अंदर बाकीचे भांडून राहिले."

मी फोन ठेवतो न ठेवतो तोच शेठ ठाण्यात. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, हातात लेखी तक्रार.

झालं होतं असं. पाहुण्यांसमोर फजिती नको म्हणून शेठने ऐनवेळी ठरवलं, की आजच एकदा मशीन चालवून पाहायचं. ठरल्याप्रमाणे चाचणी व्हायचीच नव्हती. त्यामुळे दुपारची सुटी झाल्यावर निम्मी माणसं सणासाठी गावी निघून गेली होती. मशीनला एक इलेक्ट्रॉनिक चावी लागते. बोटभर लांबीची, पण ती लावल्याशिवाय काहीच हलत नाही. ती मिस्तरीच्या गुंडाळीतल्या एका कप्प्यात असे. मिस्तरीला बोलावलं, तर तो मोकळ्या हाताने आला आणि म्हणाला, गुंडाळी हरवली. दुसरी चावी चीनमध्ये, ती यायला किती आठवडे लागतील ते कोणी सांगेना.

"हरवली गिरवली काई नाई साहेब," शेठ म्हणाले. "यानं लपवली. मशीन बंद राह्यलं तं माहा हिस्सा मातीमोल होते. मंग हेच लोक पुरा कारखाना घशात घालतीन. तुमी गुन्हा दाखल करा आन् त्याचा पासपोर्ट जमा करा. पाहू मंग कशी चावी निंगत नाई!"

शेठ काही वाईट माणूस नव्हता. घरदार पणाला लावून बसला होता आणि घाबरला होता. घाबरलेला माणूस सगळ्यात आधी परक्याकडे बोट दाखवतो, हे मी नोकरीत इतक्यांदा पाहिलं की त्याचा राग येणं बंद झालं होतं.

मी तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद करायला लावली, जठारपेठेच्या ठाण्याला कळवलं आणि दोन पंच घेऊन बंगल्यावर गेलो. मिस्तरी खरोखरच ओट्यावर बॅग घेऊन बसला होता. पळून जायला नव्हे. बॅग तपासली जाणार, हे ओळखून त्याने ती आधीच बाहेर आणून ठेवली होती. पंचनामा केला. बॅगेत कपडे, औषधं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लालभडक साडी निघाली. अकोल्यातल्याच दुकानातली. पंचांपैकी एक किराणा दुकानदार होता. त्याने ती साडी पुन्हा घडीवर घडी घालून, सुरकुती पडू न देता, होती तशी ठेवली. त्याच्याही घरी लग्नाची लेक होती.

मिस्तरीला मी ठाण्यात आणलं, पण माझ्या खोलीत बसवलं. सोबत कंपनीची दुभाषी मुलगी होती. ती तिकडच्या विद्यापीठात हिंदी शिकून आलेली आणि वऱ्हाडी बंगल्यातल्या स्वयंपाकाच्या बाईकडून उचललेली. तिच्या तोंडी दोन्हींची खिचडी असायची आणि ती ऐकून माझे शिपाई उगाचच आत डोकावून जायचे.

"विचार त्यांना, गुंडाळी शेवटची कुठे पाहिली?"

तिने विचारलं. मिस्तरी दोन शब्द बोलला.

"हरवली म्हनते. गलती त्याची म्हनते."

"कुठे हरवली? कारखान्यात, गाडीत, घरी?"

"साहेब, हरवली, इतकंच बोलून राहिला."

"कोणावर संशय आहे का?"

ह्या वेळी तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मिस्तरीने मान हलवली. संशय कोणावरच नाही. मग त्याने स्वतः एक प्रश्न विचारला. तेवढा एकच. कारखान्यातल्या लोकांना पोलीस बोलावणार का?

"सगळ्यांचे जबाब होतील," मी म्हणालो.

मुलीने सांगितलं तसा त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि तो पुन्हा उचलला नाही.

चौकशीत माणूस काय बोलतो यापेक्षा तो काय करत नाही, याकडे मी जास्त लक्ष द्यायचो. वस्तू हरवलेला माणूस स्वस्थ बसत नाही. दहा वेळा खिसे चाचपतो, सकाळपासून कुठे कुठे गेलो ते पुन्हा पुन्हा सांगतो, मध्येच उठून जायला बघतो. ह्या माणसाची पोटापाण्याची हत्यारं गेली होती आणि त्याने ती एकदाही शोधली नव्हती. म्हणजे ती कुठे आहेत, हे त्याला ठाऊक होतं. इथपर्यंत शेठचं बरोबर होतं. पण चोराची भीती स्वतःसाठी असते. हा माणूस घाबरला तो दुसऱ्यांना बोलावणार म्हटल्यावर.

"बेटा, ह्यांना नीट समजावून सांग," मी त्या मुलीला म्हणालो. "गुन्हा दाखल झाला तर पासपोर्ट जमा होईल. मग दसऱ्याला जाता येणार नाही. मुलीचं लग्न यांच्याशिवाय होईल."

तिने सांगितलं. मिस्तरीने ऐकून घेतलं. खिडकीबाहेर आमची जीप धुवत होते, तिकडे पाहत राहिला. मग पुन्हा तेच दोन शब्द. हरवली. माझी चूक.

मला त्या वेळी त्याचा राग आला नाही. वाईट वाटलं. हा माणूस मुलीच्या लग्नापेक्षाही मोठं काहीतरी सांभाळून बसला होता आणि ते काय आहे, हे मला कळत नव्हतं.

शेठ बाहेर बाकावरच बसून होते. वरिष्ठांचाही फोन येऊन गेला, विदेशी माणसाचं प्रकरण आहे, जपून. मी शेठना म्हणालो, "उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. नाही निघालं काही, तर मी स्वतः गुन्हा दाखल करतो." ते कुरकुरत गेले. मिस्तरीला बंगल्यावर सोडलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या ठाण्यात शस्त्रपूजा नवमीलाच व्हायची. मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदाराने सकाळीच सतरंजी अंथरून त्यावर रायफली, काठ्या, बेड्या मांडल्या होत्या. जीपच्या ड्रायव्हरने आपला जॅक आणि पाने आणून ठेवले. संगणकावर बसणाऱ्या आमच्या महिला शिपाईने कीबोर्ड आणून ठेवला आणि त्यालाही कुंकवाचं बोट लावलं. एका कोपऱ्यात एक जुनी, तेल पिऊन काळी पडलेली काठी होती.

"ही कोणाची? सरकारी दिसत नाही."

"माह्या उस्तादाची जी," हवालदार म्हणाला. "ट्रेनिंगमध्ये ज्याईनं मले लाठी शिकवली त्याईची. ते वारल्यावर त्याईच्या घरून मागून आनली. दरसाल पयले तिची पूजा, मंग सरकारी मालाची."

हातातलं झेंडूचं फूल मी तसंच धरून उभा राहिलो. काल दुपारी सुटी झाली, निम्मी माणसं गावी गेली. आज खंडेनवमी. आज अख्ख्या वऱ्हाडात हत्यारं कुठे असतात? लोहाराची, सुताराची, गवंड्याची, फिटरची? कारखान्यात नसतात, बाजारातही नसतात. घरोघर पाटावर असतात. आणि मशीनखाली पडलेले ते दोघे माझ्या डोळ्यांसमोर आले.

मी दुभाषी मुलीला फोन केला. "मिस्तरी कारखान्यात जेवतो कोणाबरोबर?"

"फिटरसंग. तो अकोटवाला. त्याच्या आईची भाकर खाते."

"तो फिटर काल गावी गेला का?"

"हाव साहेब. दुपारच्या यष्टीनं. फोन नाई लागून राहिला त्याचा."

मग मी वेळ घालवला नाही. मालाची ओळख पटवायला मालक सोबत हवा, म्हणून मिस्तरीला घेतलं, मुलीला घेतलं, हवालदाराला घेतलं आणि जीप अकोट रोडला लावली. कुठे जातो ते मी मिस्तरीला सांगितलं नव्हतं. पण फिटरचं गाव अकोटकडे, एवढं त्याला ठाऊक असावं. अकोटची पाटी दिसताच त्याने मुलीचा हात धरला आणि घाईघाईने काहीतरी बोलायला लागला.

"काय म्हणतात?"

"म्हनते, परत चला. गुंडाळी मीच फेकली म्हनते, नदीत. मले पकडा म्हनते."

काल दोन शब्दांपुढे न गेलेला माणूस आज एका दमात कबुलीजबाब देत होता. तोही खोटा. मी ड्रायव्हरला म्हणालो, चल पुढे.

फिटरचं घर गावाच्या कडेला होतं. पुढे अंगण, अंगणात शेणाचा ताजा सडा, दाराला झेंडूचं तोरण. पोलीस जीप पाहून आजूबाजूची माणसं जमली. फिटर हातपाय धुऊन नुकताच बाहेर आला होता. आम्हाला पाहून तो जागच्या जागी थिजला. त्याच्या आधी त्याची आई दारात आली. उंच, खणखणीत आवाजाची बाई.

"पोलीस काहून आले माह्या घरी? तेबी सनाच्या दिवशी?"

मग तिला माझ्यामागे उभा असलेला मिस्तरी दिसला आणि तिचा सूर बदलला. लेकाला म्हणाली, "हा तुहा मास्तर होय ना रे? मंग उभा काहून ठेवला त्याले? पाट दे बसाले!"

मी दारातूनच आत पाहिलं. देवघरापुढे एक चौरंग होता. त्यावर फिटरच्या वडिलांचे जुने पाने आणि हातोडी. एका बाजूला फिटरची स्वतःची हत्यारं. आणि मधोमध, सगळ्यांच्या वर, नव्या कोऱ्या खणावर ती निळी गुंडाळी. पूर्ण उलगडलेली, कप्प्याकप्प्यातलं हत्यार लखलखीत पुसलेलं, प्रत्येकावर हळदकुंकू, वर झेंडू. एका कप्प्यातून ती बोटभर चावी डोकावत होती. तिलाही कुंकू लागलं होतं.

"ही गुंडाळी इथे कशी आली?" मी फिटरला विचारलं.

"मीनं आनली साहेब, पूजेले," तो म्हणाला. त्याला अजून काहीच कळलं नव्हतं. "उद्या पयल्या यष्टीनं घेऊन येतो. मुहूर्त तं दुपारचा हाय ना? आज कारखाना बंदच ठेवला होता."

"विचारून आणली का?"

तो गोंधळला. असा प्रश्न असू शकतो, हे त्याच्या डोक्यात आलंच नसावं. "पूजेले कोनी विचारते का जी? माह्या बापानं माह्या हाती पाना देला, तं मी त्याचा पाना पुजतो. यानं मले मशीन शिकवली. याचं हत्यार पुजल्याबिगर मी माहं कसं पुजू?"

हवालदाराने मुद्देमाल ताब्यात घ्यायच्या सवयीने चौरंगाकडे हात नेला. म्हातारी कडाडली.

"हात लावू नोका जी! आज हत्यार उचलत नाई. उद्या निंगते पाटावरून."

ज्या हवालदाराने सकाळी उस्तादाची काठी पुजली होती, त्याने हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या खिशातला फोन वाजत होता, शेठचाच असणार. मी तो वाजू दिला.

दुभाषी मुलगी इकडे मिस्तरीच्या कानाशी लागून हळूहळू सगळं सांगत होती. हा सण काय, हे कुंकू कशाचं, मध्ये तुमचं का ठेवलं. त्याने बाहेरच बूट काढले, आत आला आणि चौरंगापुढे मांडी घालून बसला. कशालाही हात लावला नाही. त्याच्या गुंडाळीत एक झिजलेला पाना होता, दांड्यावर चिनी अक्षरं कोरलेली. त्याच्याकडे तो पाहत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्याने पुसलंही नाही.

मग तो बोलला. मुलगी सांगत गेली, आणि ह्या वेळी तिची खिचडी ऐकून कोणी हसलं नाही.

"तो म्हनते, मी पाह्यलं होतं. गुंडाळी याच्यापाशी ठेवून सही कराले ऑफिसात गेलो, तं काचेतून. यानं गुंडाळी घेतली, माथ्याले लावली आन् थैलीत टाकली. मले वाटलं, याले गरज आहे. घरी लेकरं आहेत, म्हनून नेली. आमच्याकडं शिष्य तयार झाला का गुरू त्याले हत्यार देते. हा पाना माह्या गुरूनं मले देला होता. मी जायाच्या दिवशी हे सगळं यालेच देनार होतो. मंग यानं दोन दिवस आधी घेतलं तं चोरी कशी झाली? पन पोलिसाले हे सांगतलं असतं, तं तुमी याले पकडलं असतं."

फिटरला आता कुठे उलगडा झाला. आपल्यापायी कालपासून काय चाललंय आणि हा माणूस कशावर पाणी सोडायला निघाला होता, हे त्याला कळलं. तिशी उलटलेला तो गडी मिस्तरीच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. मिस्तरी त्याच्या पाठीवर थापटत होता आणि म्हणत होता, "हाव, हाव."

मी बाहेर येऊन तोरण बघत उभा राहिलो. पोलिसांनाही चेहरा सांभाळावा लागतो.

थोड्या वेळाने मी आत जाऊन मिस्तरीला विचारलं, "माल तुमचा आहे. आत्ता उचलायचा का? शेठला चावीची घाई आहे."

मुलीने म्हातारीचा नियम त्याला पुन्हा सांगितला. त्याने म्हातारीकडे पाहिलं, हत्यारांकडे पाहिलं आणि मुलीकडून तो शब्द दोनदा म्हणून घेतला. मग स्वतःच मला म्हणाला, "उद्या."

म्हातारी खूश झाली. "पाहा, त्याले समजते," ती मला म्हणाली. त्यानंतर आम्हा सगळ्यांना पुरणपोळी खाल्ल्याशिवाय तिने जाऊ दिलं नाही. जीपमध्ये बसताना मिस्तरीने कुंकवाच्या करंड्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं आणि तिने एका पुडीत चिमूटभर कुंकू बांधून त्याच्या खिशात घातलं.

शेठना मी ठाण्यात बोलावून सगळी हकीकत सांगितली. चावी उद्या सकाळी येईल, तोवर ती पाटावरच राहील, हेही सांगितलं. ते आधी भडकले. मग म्हणाले, "माहे बाबा दर नवमीले जिनिंगची घंटा पुजत होते. मी तं सोडूनच देलं साहेब." तक्रार गैरसमजातून झाली, असं त्यांनी लिहून दिलं आणि मी अर्ज निकाली काढला.

दसऱ्याला फिटर पहिल्या एसटीने आला, गुंडाळी काखेत धरून. चावी लागली, मशीन फिरलं, आणि वऱ्हाडच्या कापसाचं सूत वऱ्हाडात निघालं. टाळ्या झाल्या, भाषणं झाली. ती मला आठवत नाहीत. मला आठवतं ते नंतरचं. मिस्तरीने मशीनपुढेच ती गुंडाळी दोन्ही हातांनी फिटरच्या हातात दिली. फिटर आधी त्याच्या पाया पडला, आपट्याची पानं दिली आणि मग थैलीतून बापाचा पाना काढून त्याच्या हातात ठेवला. असं काही ठरलेलं नव्हतं. संध्याकाळी स्टेशनवर मी साध्या कपड्यांत गेलो होतो. लाल साडीच्या घडीत मिस्तरीने तो पाना ठेवला होता.

पुढे सीमेवर बिनसलं, भागीदारी मोडली, चिनी माणसं गेली. जठारपेठेतल्या त्या बंगल्यात आता शिकवणी वर्ग आहेत. कारखाना दुसऱ्या हातात गेला, पण चालू आहे, आणि मशिनरीची सगळी देखभाल आता त्या फिटरकडे असते. मी निवृत्त होऊन अमरावतीला राहायला आलो.

त्या केसने मला काय शिकवलं, असं नवे अधिकारी विचारतात. मी सांगतो, चौकशीत गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवत असतो, हे खरं आहे. पण त्याला दरडावण्याआधी जरा थांबा. तो स्वतःलाच लपवतोय असं धरून चालू नका. कधी कधी तो दुसऱ्या कोणाला तरी पाठीशी घालत असतो, आणि तसा माणूस परक्या देशाचा असला तरी आपल्याला ओळखता आला पाहिजे.

दर खंडेनवमीला फिटर मला गावी बोलावतो आणि मी जातो. चौरंगावर निळी गुंडाळी असते. पूजा झाली, की तो मोबाइलवर मिस्तरीला लावतो. पडद्यावर त्याचं घर दिसतं, टेबलावर लाल कापड, त्यावर फिटरच्या बापाचा पाना, शेवंतीचं फूल आणि कुंकवाचं बोट. म्हातारीने दिलेली पुडी तो अजून पुरवून पुरवून वापरतो. मग दरवर्षी ठरलेली थट्टा व्हायची. तो पान्यावर हात धरून फिटरकडून शिकलेल्या वऱ्हाडीत विचारायचा, "आई, उचलू?" आणि म्हातारी इकडून ओरडायची, "उद्या!" की दोन्हीकडचे सगळे हसायचे.

गेल्या उन्हाळ्यात म्हातारी गेली. त्याला कळवलं होतं. तरी या नवमीला फोन लागला, तेव्हा त्याचा हात सवयीने पान्यावर गेला आणि तोंडातून निघून गेलं, "आई, उचलू?"

फिटरने तोंड फिरवलं. त्याच्या हातातला मोबाइल मी घेतला आणि म्हणालो, "उद्या, मिस्तरी. आज हत्यार उचलत नाई."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग पान्यावरचा हात त्याने हळूच बाजूला घेतला आणि म्हणाला, "हाव."